बॅलार्ड पिअर ते वडाळा : बंदर रेल्वेचा जुना मार्ग पुनर्विकासापूर्वी सायकलने पाहण्याविषयी

माझगावकर (प्रश्न)

नमस्कार. माझे घर माझगावला, डॉकयार्ड रोड स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. लहानपणी रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन गाड्यांचे आवाज कानावर येत असत. एक हार्बर लोकलचा, जो उंचावरून येई आणि लगेच विरून जाई. दुसरा मालगाडीचा. तो खालून, गोदीच्या बाजूने येई, पुष्कळ वेळ चाले आणि मध्येच वाघिणी (मालाचे डबे) एकमेकींवर आदळल्याचा मोठा आवाज होऊन थांबे. हा दुसरा आवाज एका दिवसात बंद झाला नाही. तो विरळ होत गेला आणि एके वर्षी आमच्या लक्षात आले की बऱ्याच दिवसांत तो ऐकलेलाच नाही.

ही गाडी मुंबई बंदराच्या स्वतःच्या रेल्वेची होती. १ जानेवारी १९१५ रोजी सुरू झालेला हा ब्रॉडगेज मार्ग बॅलार्ड पिअरपासून गोद्या, वखारी आणि बंदरे यांच्या कडेने वडाळ्यापर्यंत जात असे आणि तेथे मुख्य रेल्वेला मिळत असे. आज काही ठिकाणी रूळ डांबराखाली गेले आहेत, काही ठिकाणी ते उखडले आहेत, तर काही ठिकाणी त्यांच्यावर ट्रक उभे असतात. तरीही नकाशावर बोट फिरवले की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी ती एक सलग रेषा अजून ओळखू येते.

पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा २०१४ साली राणी जाधव समिती नेमली गेल्यापासून चालू आहे आणि २०१८ च्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा प्रारूप आराखडाही प्रसिद्ध झाला. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. ज्या किनाऱ्यावर आम्ही वाढलो, तो आम्हांला कायम भिंतींच्या आणि फाटकांच्या पलीकडेच राहिला. तो लोकांसाठी खुला व्हावा ही माझी मनापासून इच्छा आहे. पण जमिनीचे भूखंड पडायला सुरुवात झाली की ही रेषा तुटेल, आणि त्याआधी ती एकदा सलग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी असे मला वाटते. पायी जायचे तर उन्हात अर्धा दिवस जातो, आणि पूर्व मुक्त मार्गावरून मोटारीने गेले तर हा सगळा परिसर काही मिनिटांत पायाखालून निघून जातो. सायकलचा वेग या कामाला योग्य वाटतो.

म्हणून जाणकारांना विचारतो. हा मार्ग कायद्याने कोठपर्यंत जवळून पाहता येतो आणि कोठे रस्त्यानेच जावे लागते? माझ्याकडे बारीक टायरची रोड सायकल आहे, ती या कामाला चालेल का? आणि या वाटेवर असे काय आहे, जे माझ्यासारख्या येथेच वाढलेल्या माणसाच्याही नजरेतून सुटेल आणि जे नोंदवून ठेवले पाहिजे?

पहाटफेरी

माझगावकर, आपला विचार आवडला. मी गेली अनेक वर्षे रविवारी या भागातून सायकल चालवतो, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनुभवाने देऊ शकतो.

कायद्याचे आधी सांगतो, कारण त्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. गाडी येत नाही म्हणून रेल्वेची हद्द सार्वजनिक होत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याशिवाय गोदीच्या भिंतीच्या आतला भाग हा प्रतिबंधित भाग आहे. तेथे पासाशिवाय जाता येत नाही आणि छायाचित्रे काढायला बंदी आहे. तेव्हा आपली फेरी मार्गावरून होणार नाही, मार्गालगत होईल, हे मनाशी ठरवून निघावे. सुदैवाने या रेल्वेचा स्वभावच असा होता की ती पदोपदी रस्ता ओलांडत असे, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर राहूनही ती पुन्हा पुन्हा भेटते.

सुरुवात बॅलार्ड इस्टेटपासून करावी. तेथून शूरजी वल्लभदास मार्गाने उत्तरेला निघून पी. डिमेलो मार्गाला लागावे. ऑरेंज गेटपासून डोक्यावर पूर्व मुक्त मार्ग सुरू होतो. कर्नाक बंदर, मस्जिद बंदर, दाणाबंदर, वाडीबंदर असे करत पुढे यावे आणि उजवीकडे भाऊच्या धक्क्याकडे जाऊन परत फिरावे. पुढे डॉकयार्ड रोड, बॅरिस्टर नाथ पै मार्ग, रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन आणि शिवडी. शिवडीहून वडाळ्याला जाताना रफी अहमद किडवाई मार्ग धरावा लागतो आणि तेथे जुन्या रेल्वेची साथ थोडी सुटते. एका बाजूचे अंतर साधारण दहा-बारा किलोमीटर भरते. मार्ग जवळपास पूर्ण सपाट आहे, कारण यातील बरीचशी जमीन भराव घालून समुद्रातून मिळवलेली आहे. दम लागेल तो फक्त उड्डाणपुलांवर.

सायकलविषयी माझे मत स्पष्ट आहे : रोड सायकल नेऊ नये. डांबरात बसवलेल्या रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी साधारण पाच सेंटिमीटरची खाच सोडलेली असते. पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर त्या खाचेत सरळ जाऊन बसतो आणि सायकल जागच्या जागी थांबते, स्वार मात्र थांबत नाही. अशा खाचेत अडकून मी एकदा पडलो आहे आणि मनगट दीड महिना प्लॅस्टरमध्ये ठेवावे लागले होते. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावा. तो तिरका येत असेल तर आधी मागे पाहून सायकल थोडी वळवून घ्यावी, आणि मागून ट्रक येत असेल तर सरळ उतरून चालत जावे. ओल्या रुळावर ब्रेक लावू नये. पावसाळ्यात ही फेरी करूच नये, कारण खाचा पाण्याखाली दिसत नाहीत. पस्तीस-चाळीस मिलिमीटरचा टायर असलेली साधी हायब्रिड सायकल किंवा घरातली जुनी काळी सायकलसुद्धा येथे अधिक उपयोगी पडेल.

दारूखान्यात दोन पंक्चर होतील असे धरूनच निघावे. तेथे भंगार पोलाद कापण्याचे काम चालते आणि रस्त्यावर पत्र्याचे बारीक कीस पडलेले असतात. जादा ट्यूब, पंप आणि पॅच बरोबर असू द्यावेत. रविवारी सकाळी आठपर्यंत ट्रकची वर्दळ सोसण्याइतपत असते, त्यानंतर नाही.

वाडीबंदर

मी रेल्वेचा नोकर नव्हतो. वाडीबंदरला मालाची सोडवणूक करून देणाऱ्या एका पेढीत मी तीस वर्षे कारकून होतो आणि त्यातली पहिली पंधरा-वीस वर्षे माझा रोजचा संबंध या रेल्वेच्या वाघिणींशी होता. काय नोंदवून ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते रूळ दिसतात की नाही यापेक्षा त्या रुळांवर काम कसे चालत होते ते समजून घेऊन मग पाहायला जावे. तसे केले नाही तर पडक्या भिंती आणि लोखंडाचे तुकडे एवढेच हाती लागेल.

काम असे चाले. जहाजातला माल गोदीच्या शेडमध्ये उतरे. तेथून तो टोळीवाले हमाल पाठीवर किंवा हातगाडीवर घेऊन शेडच्या मागे लागलेल्या वाघिणीत भरत. एका जहाजातला माल दहा गावांना जायचा असे. त्यामुळे गोदीतून निघालेली गाडी थेट कोठेही जात नसे; ती आधी वडाळ्याच्या यार्डात जाई. तेथे वाघिणी सुट्या करून, ठिकाणाप्रमाणे वेगवेगळ्या रुळांवर ढकलून त्यांच्या नव्या गाड्या जुळवल्या जात आणि मग मुख्य रेल्वेचे इंजिन त्या घेऊन जाई. तुम्ही रात्री ऐकत होता तो आदळण्याचा आवाज शंटिंगचा. रात्री रस्ते मोकळे असत, म्हणून हे काम रात्री अधिक चाले. रस्ता ओलांडताना इंजिनापुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे आणि गाडीचा वेग त्याच्या पावलांएवढा असे.

प्रत्येक मालाला आपापली जागा होती, आणि ती जागांच्या नावांत अजून टिकून आहे. धान्य दाणाबंदरला, कापूस शिवडी-कॉटन ग्रीनला, कोळसा कोळसा बंदरला, लाकूड लकडी बंदरला. कापसाचा व्यापार पूर्वी कुलाब्याला होता. तो शिवडीच्या बाजूच्या नव्या भरावावर हलवण्यात आला तेव्हा ‘कॉटन ग्रीन’ हे नावही त्याच्याबरोबर इकडे आले. तेथील कापसाच्या वखारींना दोन बाजू आहेत हे मुद्दाम पाहा. एका बाजूचे दार रस्त्याच्या पातळीला आहे, दुसऱ्या बाजूचे दार जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर आहे. ती उंची वाघिणीच्या तळाची आहे. आज त्या बाजूला रूळ नसला तरी तेथे रूळ होता, हे ते दार सांगते. साठच्या दशकात अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत, त्या वेळी दाणाबंदर आणि वाडीबंदर या भागांत रात्रंदिवस गोणी उचलल्या जात असत, असे माझ्या वरिष्ठांनी मला सांगितले होते.

ज्यांनी त्या उचलल्या, ते बहुतेक सातारा-सांगलीकडून, घाटावरून आलेले होते. हातात आकडा, डोक्यावर आणि पाठीवर गोणपाट. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून वाघिणीत चढणारा माणूस मी रोज पाहिला आहे. आधी त्यांची मजुरी मुकादमाच्या मर्जीवर असे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कोठे त्यांना वेतनाची आणि भविष्यनिर्वाह निधीची खात्री मिळाली. या रेल्वेची आठवण ठेवायची असेल तर पहिली पाटी त्यांच्या नावाची लागली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. इंजिनांचे फोटो पुष्कळ निघतात. वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, हिशोब कोणी जपून ठेवत नाही.

रेल्वे का बंद पडली, याचे उत्तरही येथेच आहे. सुट्या मालासाठी बांधलेली ही व्यवस्था होती. कंटेनर आले तेव्हा माल गोदीत उघडण्याचे कारणच राहिले नाही. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि तेथून अख्ख्या गाड्या थेट देशाच्या आतल्या भागात जाऊ लागल्या. आमच्याकडच्या आखूड साइडिंग (माल भरण्या-उतरवण्यासाठी काढलेले बाजूचे रूळ), तीव्र वळणे आणि प्रत्येक चौकात थांबणारी गाडी यांचा त्यापुढे निभाव लागणे शक्य नव्हते. जो थोडा माल उरला, तो ट्रकने दारापर्यंत नेणे व्यापाऱ्यांना सोयीचे झाले.

आणखी एक. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गासड्याही होत्या. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. माझे वडील तेव्हा मस्जिद बंदरला होते. जळता कापूस आकाशातून पडत होता, असे ते सांगत. आता व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या बुजवलेल्या आहेत, त्यामुळे तुम्ही भिंतीबाहेरून पाहाल तेव्हा पाणी दिसणार नाही. तरी त्या जागेपाशी क्षणभर थांबा.

माझगावकर

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. वखारीच्या उंच दाराची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि त्या दारांसमोरून मी शेकडो वेळा गेलो आहे. मित्राकडून जाड टायरची सायकल घेत आहे. असा मार्ग पुनर्विकासापूर्वी खरोखर लोकांना खुला केल्याचे उदाहरण कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

दूरदेशी

मी पाहिले आहे, आणि त्या वेळी सायकलही माझ्याबरोबर होती. २०११ साली मी नोकरीनिमित्त सिंगापूरला होतो. तेथे बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या तंजोंग पगार स्थानकापासून उत्तरेला वुडलँड्सपर्यंत सुमारे २४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होता. गंमत अशी की देश सिंगापूर असला तरी हा मार्ग मलेशियाच्या रेल्वेच्या ताब्यात होता. दोन्ही सरकारांचा २०१० साली समझोता झाला आणि ३० जून २०११ च्या रात्री तंजोंग पगारहून शेवटची गाडी सुटली. ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जुलैला, मार्ग सिंगापूरच्या ताब्यात आला.

करारानुसार रूळ आणि स्लीपर काढून मलेशियाला परत द्यायचे होते. काम लगेच सुरू करता आले असते. पण मधले सुमारे अडीच आठवडे, १७ जुलैपर्यंत, जवळपास सगळा मार्ग लोकांना चालण्यासाठी मोकळा ठेवण्यात आला. मी ते शनिवार-रविवार विसरणार नाही. आजी-आजोबा, छत्र्या घेतलेली कुटुंबे, कॅमेरे घेतलेले विद्यार्थी, सगळे रुळांवरून चालत होते. सायकल मात्र चालवता येत नव्हती, कारण स्लीपर साधारण दोन-दोन फुटांवर असतात आणि मध्ये खडी असते, त्यावर चाक फिरतच नाही. मी बराच काळ सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन गेलो. रूळ उचलल्यानंतर मातीची वाट तयार झाली, तेव्हा खरी सायकल चालवता आली.

आपल्याला उपयोगी पडेल असा मुद्दा पुढे आहे. तेथील निसर्गप्रेमी संस्थेने मार्ग बंद होण्याआधीच असा प्रस्ताव मांडला होता की ही पट्टी तुकड्यांत विकली जाऊ नये, ती एकसंध ‘हरित मार्ग’ म्हणून राहावी. पुढे जे झाले त्यात बुकित तिमाहचे छोटे स्थानक आणि तेथील पोलादी पूल टिकवण्यात आले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मार्गाची सलगता टिकली. एखादी इमारत जपली आणि तिच्या दोन्ही बाजूंना भूखंड पडले, तर इमारत उरते, मार्ग उरत नाही. रेल्वेमार्गाचे मोल त्याच्या न तुटण्यात असते. शहराच्या मधून दहा-वीस किलोमीटर लांब आणि सपाट पट्टी आज कोणत्याही किमतीला नव्याने मिळणार नाही. मुंबईत बंदराच्या आराखड्यावर सूचना पाठवताना उद्यान हवे, संग्रहालय हवे, अशा मागण्या अनेक जण करतील. माझी विनंती आहे की माझगावकरांसारख्यांनी एकच मागणी आग्रहाने लावून धरावी : बॅलार्ड पिअर ते वडाळा ही रेषा पायी आणि सायकलने जाण्यासाठी अखंड ठेवावी, मग तिच्या दोन्ही बाजूंना जे व्हायचे ते होवो.

एक फरकही मान्य केला पाहिजे. सिंगापूरच्या त्या मार्गाच्या कडेने बहुतांश झाडी होती. आपल्याकडे माणसे राहतात.

कलिन्याची वाट

सलगता तुटल्यावर काय उरते याचे उदाहरण मुंबईतच आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्या कलिन्यातून कुर्ल्याकडे जाणारा सी.एस.टी. रोड सर्वांना माहीत आहे. नवीन माणूस त्याचा संबंध छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसशी जोडतो आणि गोंधळतो. हे नाव खरे तर ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’चे आहे. तुर्भ्याहून म्हणजे ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा हा एकेरी मार्ग १९२८ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंदही झाला. अवघी सहा वर्षे गाडी चालली. नंतर अंधेरीकडच्या बाजूला विमानतळ पसरला, बाकीचा भाग रस्ते आणि वस्त्यांनी व्यापला. आज सायकलने ती वाट शोधायची म्हटली तर हातात फक्त तीन अक्षरे लागतात, आणि तीही लोक चुकीची वाचतात. बंदर रेल्वे शंभर वर्षांच्या आसपास चालली. तिची अशी गत होऊ नये.

माझगावकर

फेरी झाली. लगेच लिहितो, म्हणजे तपशील निसटणार नाहीत.

ओहोटीची वेळ पाहून गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला बॅलार्ड इस्टेटहून निघालो. जानेवारी असल्याने अजून अंधार होता. शेजारची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या दगडमातीच्या भरावावर हा सगळा भाग उभा आहे, हे वाचले होते. त्या रिकाम्या, रुंद रस्त्यांवर सायकल चालवताना ते प्रथमच खरे वाटले. बॅलार्ड पिअरला जहाजातून उतरलेले प्रवासी पलीकडच्या फलाटावरून थेट पेशावरच्या गाडीत बसत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल येथूनही सुटत असे. आज त्या बाजूला क्रूझ टर्मिनल आहे, म्हणजे जहाजाचे प्रवासी अजून येतात, त्यांच्या पुढची गाडी तेवढी नाही.

पी. डिमेलो मार्गावर मुक्त मार्गाच्या खाली अंधार आणखी दाट होता. रूळ पहिल्यांदा दिसला तो एका फाटकाच्या बाहेर, डांबरातून वर आलेला, साधारण दोन हात लांब. त्याच्या सरळ रेषेत पाहिले तर बंद लोखंडी दार आणि त्यापलीकडे पिंपळ. मी बाहेरूनच पाहत असताना सुरक्षारक्षक आला. काय शोधत आहात, असे त्याने विचारले. मी सांगितल्यावर तो म्हणाला की आत गवतात अजून बरेच रूळ आहेत, पण तुम्हांला सोडता येणार नाही. मी आग्रह केला नाही. संपूर्ण वाटेवर मला सार्वजनिक रस्त्यावरून सात ठिकाणी रूळ दिसले; ती सातही ठिकाणे मी नकाशावर खुणेने नोंदवली आहेत.

दारूखान्यात अंदाजाप्रमाणे पंक्चर झाले, मात्र एकच. साखळदंड आणि नांगर विकणाऱ्या दुकानाच्या ओट्यावर बसून ट्यूब बदलली. त्या दुकानातल्या गृहस्थांनी सांगितले की २०१४ साली ‘विक्रांत’ युद्धनौका तोडण्यासाठी आली, तेव्हा लोक नुसते पाहायला येत होते. जहाजाचे पोलाद पूर्वी येथून वाघिणीने बाहेर जात असे, हेही त्यांनीच सांगितले.

यानंतर जे झाले ते लिहिताना थोडा संकोच वाटतो. रे रोडच्या पुढे एका गल्लीतून आत गेलो. गल्ली सार्वजनिक आहे, पण तिच्या एका बाजूला जुना रूळ गेला आहे आणि त्या रुळालगत घरे आहेत. एका घराचा उंबरठा म्हणजेच तो रूळ. एक वृद्ध बाई त्यावर कपडे आपटत होत्या. मी खिशातून वही काढली आणि रुळांमधले अंतर अंदाजाने लिहू लागलो. त्यांनी हात थांबवून विचारले, “बाबा, मोजणीला आलायस का?” मी नाही म्हणालो, नुसता पाहायला आलो आहे म्हणालो, त्यांना ते पटले नसावे, कारण आतून आणखी दोघे बाहेर आले. मी वही खिशात ठेवली, सायकल भिंतीला लावली आणि त्यांच्याशी बोललो. त्यांचे पती गोदीत हमाल होते. गाडी येण्याआधी मुलांना आत घ्यायचे, एवढे एकच काम रोज ठरलेले असे, असे त्या म्हणाल्या. ‘आपल्याकडे माणसे राहतात’ हे दूरदेशींचे वाक्य मी घरी बसून वाचले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दारात उभे राहिल्यावर कळला. अखंड रेषेची मागणी मी जरूर करणार आहे. पण तिच्याबरोबर त्याच पत्रात हेही लिहिणार आहे की या रेषेवर ज्यांची घरे आहेत, त्यांचे पुनर्वसन याच किनाऱ्यावर, त्यांच्या कामाच्या जवळ झाले पाहिजे. त्यांना हटवून मोकळी केलेली वाट मला सायकलसाठी नको आहे.

कॉटन ग्रीनला वाडीबंदर यांनी सांगितलेली उंच दारे पाहिली. एका दाराखाली विटांचा नवा जिना बांधला आहे, म्हणजे ट्रक आल्यानंतर ती उंची गैरसोयीची झाली असणार. शिवडीला पोहोचेपर्यंत ऊन वर आले होते. चिखलावर फ्लेमिंगो होते, जरा दूर, आणि त्यांच्यावरून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खाडीपलीकडे गेलेला दिसत होता. ज्या पलीकडच्या किनाऱ्याने आमची मालगाडी ओढून नेली, तेथेच तो सेतू जातो. सायकलला त्यावर परवानगी नाही.

वडाळ्याला साडेनऊ वाजता पोहोचलो. यार्ड भिंतीपलीकडे आहे. रस्त्याच्या पुलावरून त्याचा थोडा भाग दिसतो.

वाडीबंदर, आपल्याला एक विनंती आहे. मी नोंदवलेल्या सात ठिकाणांपैकी तिसऱ्या ठिकाणी, मॅलेट बंदराच्या वळणापाशी, तीन रूळ जवळजवळ दिसतात आणि त्यातला एक मध्येच संपतो. तो सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेण्याची जागा) होता की साइडिंगचे टोक, हे मला ओळखता आले नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. आपल्याला यायला जमत असेल तर सकाळी सात वाजता डॉकयार्ड रोड स्थानकाच्या बाहेर थांबेन. तेथून ते ठिकाण जवळ आहे, चालतच जाऊ.

वाडीबंदर

येतो. नातू सोडायला येईल. मॅलेट बंदरचा तो तिसरा रूळ वजनकाट्याचा होता. वाघीण तेथे ढकलून आणत, तोलत आणि पुन्हा मागे घेत. काट्याच्या खड्ड्यावर आता फरशी टाकलेली असेल. तुम्ही झाडू आणा, मी जागा दाखवतो.